सापडल्यास फोन करावा

निवृत्त मास्तरांना पुठ्ठ्याची रॉकेटं बनवून उडवायचा भारी नाद. 'सापडल्यास या नंबरवर फोन करावा' अशी लेबलं छापून घेताना त्यांनी स्वतःचा नंबर न देता लेकीचा दिला. ती भांडून घराबाहेर पडली, तेव्हापासून त्यांचा फोन घेत नव्हती.

"कुणी तिला कळवलं, की तिला मला कळवावंच लागेल," ते छापखान्यातल्या बाईंना म्हणाले.

मग ते मुद्दाम वारा सुटला की मैदानावर जायचे. रॉकेटं लांब भरकटत जायची, पण लेकीचा फोन काही यायचा नाही.

एके दिवशी पलीकडच्या वस्तीतली एक बाई हातात रॉकेट घेऊन मैदानावर आली. "आजोबा, हे तुमचंच ना? यावरच्या नंबरवर फोन केला होता मी."

मास्तरांनी जिवाचा कान केला. "मग? काय म्हणाली?"

बाई जरा चाचरली. "म्हणाली, ज्यांचं आहे ते कधीच वारले. टाकून द्या."

मास्तर रॉकेटच्या मोडक्या पंखावरून अंगठा फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आवाजावरून बरी वाटली ना हो ती?"