डिकीतली जागा

चंद्रहास मोजपट्टी घेऊन गाडीच्या डिकीत वाकला होता. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून सुमनला त्याची फक्त पाठ दिसत होती. कुवेतला आल्यापासून तिच्या वाट्याला बहुतेक तीच आली होती.

गाडी घेतली तेव्हा, नव्याण्णव साली, त्यांच्या मिरकाब वस्तीतल्या यच्चयावत मराठी मंडळींनी खाली येऊन ती पाहिली. लालभडक, बुटकी, दोनच सीटची. रिफायनरीतला एक गोरा साहेब देश सोडताना विकून गेला आणि चंद्रहासला पंचेचाळिशीत पोरकटपणा सुचला. सुमनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पुण्याहून जुईली सुट्टीला आली की तिघांनी बसायचं कुठे? बघू म्हणाला. बघितलं काय, तर बापलेक गाडीतून समुद्रावर जायचे आणि सुमन घर राखायची.

डिकी तर नावापुरती. अर्धीअधिक स्टेपनीनेच खाल्लेली. उरलेल्या जागेत भाजीच्या दोन पिशव्या कशाबशा बसायच्या. तांदळाची गोणी सुमन पायांत धरून घरी आणायची.

गोणीचं तिला काही नव्हतं. बोलायला माणूस नव्हतं, त्याचं होतं. चंद्रहास कामावरून यायचा, जेवायचा, बातम्या बघायचा आणि झोपायचा. एकदा तिने सबंध दिवस मुद्दाम तोंडातून शब्द काढला नाही. त्याच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली आणि तिथेच तिने ठरवलं, आता बास झालं. पुण्याला लेकीजवळ जायचं, आणि ते कायमचं.

खालच्या मजल्यावरच्या शर्मिलाने गुपचूप शनिवारचं तिकीट काढून दिलं. चंद्रहास कामावर गेला की टॅक्सी बोलवायची, एवढाच बेत होता. पलंगाखाली एक मोठी निळी बॅग होती. सुमन रोज तिच्यात दोन-तीन साड्या ठेवत गेली.

आणि बुधवारी जेवता जेवता चंद्रहासने विचारलं, "ती पलंगाखालची निळी बॅग डिकीत मावेल का गं?"

सुमनने हातातला घास ताटात ठेवला. "का हो?"

"सहज. स्टेपनी काढली तर मावावी, असं वाटतंय."

त्याने पुन्हा भातात डोकं घातलं आणि तिची विचारायची छाती झाली नाही. रात्रभर मात्र तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. याला कळलं होतं तर! आणि कळूनही आदळआपट नाही, जाब नाही. टॅक्सीने एकटी जाऊ नये म्हणून हा आपल्या लाडक्या गाडीत बायकोच्या बॅगेसाठी जागा करत होता. तिचा राग म्हणता म्हणता पातळ होऊ लागला.

गुरुवारी त्याची सुट्टी होती. 'चल' म्हणून तो तिला अर्दियाला हमीदच्या टायरच्या दुकानात घेऊन गेला. कितीतरी महिन्यांनी त्याने तिला 'चल' म्हटलं होतं. त्याने चारही टायर नवे बसवून घेतले. स्टेपनीशिवाय गेलं तर चालेल ना, हे हमीदला दोनदा विचारलं.

हमीदने छातीवर हात ठेवला. "साब, सौदी में दमाम तक चले जाओ, कुछ नहीं होगा."

सुमनला हसू आलं. विमानतळ हाकेच्या अंतरावर, आणि हा दमामच्या गप्पा मारत होता. पण आपल्यासाठी चार नवे टायर घेतले, हे तिला सुखावून गेलं.

परतताना चंद्रहास समोर बघतच म्हणाला, "तू माझ्यापेक्षा खंबीर आहेस, सुमन. एकटीने निभावशील."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. रडू आवरेना. एवढं एक वाक्य याने आधीच कधीतरी बोलायला काय झालं होतं?

घरी आल्यावर त्याने स्टेपनी काढून वर आणली आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी टेकवून ठेवली.

शुक्रवारी सकाळी तो अंघोळीला गेला, तेवढ्यात सुमनने निळी बॅग ओढली. सगळ्या साड्या परत कपाटात लावल्या. रिकामी बॅग आतून-बाहेरून पुसली आणि होती तिथे सरकवली. मग, जरा शर्मिलाकडे जाऊन येते, असं बाथरूमच्या दाराशी सांगून ती खाली गेली.

तिकीट परत करताना तिला लाजल्यासारखं झालं. शर्मिलाने आधी बडबड केली, मग थट्टा केली, मग पोहे खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. निघाल्यावर सुमनने कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान लहान वांगी निवडून घेतली. भरली वांगी केली की चंद्रहास एक पोळी जास्त खायचा. जेवायला बसल्यावर त्याला सांगायचं, मी कुठ्ठेही जात नाहीये. तोंड बघण्यासारखं होईल त्याचं.

इमारतीखाली गाडी नव्हती. पेट्रोल भरायला गेला असेल. वर येऊन तिने दोन कप चहाचं आधण ठेवलं.

बाल्कनीत स्टेपनी तशीच होती. आता तिला तिथे ठेवून काय करायचं? सुमनने पदर खोचला आणि ते धूड ढकलत ढकलत बाहेरच्या दारापाशी आणून उभं केलं. तो आला की लगेच डिकीत टाकता येईल. हात काळे झाले होते. तिचं तिलाच हसू आलं.

हात पुसायला त्याचा एखादा जुना बनियन घ्यावा म्हणून तिने कपाट उघडलं. तिच्या साड्या जिथल्या तिथे होत्या. त्याच्या कप्प्यात काहीच नव्हतं.

तिने वाकून पलंगाखाली पाहिलं. सकाळी रिकामी करून, पुसून ठेवलेली निळी बॅग तिथे नव्हती.