खुर्चीवरचा पांढरा रंग

"रिमूव्हर लाव ना बाबा. पाच मिनिटांत सोलून निघेल."

"रंगाबरोबर खुर्चीही सोलून निघेल. फायबर आहे ते, लाकूड नव्हे."

म्हातारा रंगारी बाल्कनीत फरशीवर बसून खुर्ची घासत होता. बादलीत बुडवलेला पॉलिश पेपर, प्लास्टिकची पट्टी, एक फडकं. फायबर ओलंच घासायचं, नाहीतर भुकटी अंगात शिरते आणि आठवडाभर खाजवत बसावं लागतं. पांढऱ्याखालून जुना नारिंगी वर येत होता. खुर्ची लेक आपल्या घरी नेणार होती आणि तिला तोच रंग हवा होता. जावई चार वाजता गाडी घेऊन येणार होता.

"इतक्या छान नारिंगीवर आईने हा चुना का फासला?"

"माझ्या नावाने फासला."

ते खरंच होतं. चाळीस वर्षं त्याने लोकांची घरं रंगवली आणि घरातल्या खुर्चीला 'उद्या' म्हणत राहिला. गेल्या वर्षी, तिच्या कॅन्सरच्या औषधोपचाराच्या दुसऱ्या महिन्यात, बायकोने स्वतःच ब्रश हातात घेतला. रंग उडेल म्हणून डोक्याला रुमाल बांधला. संध्याकाळी त्याने वाळलेल्या रंगावरून अंगठा फिरवला. रंगाखाली बारीक बारीक रेघा लागल्या.

"ब्रशचे सगळे केस सोडलेस की यात! कुठला भिकार ब्रश आणलास?"

"स्वस्तातला होता. गळका निघाला," ती म्हणाली आणि हसली. त्याने शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं, "बघा, रंगाऱ्याच्या बायकोचं काम." तेही हसले.

लेक आत आईचं मागे राहिलेलं सामान बांधायला गेली. त्याने पाठीच्या बाजूला पट्टी घातली. रंगाचा एक पोपडा सुटला, पण खाली पडला नाही. एका केसाला लटकत राहिला.

त्याने पोपडा चिमटीत धरून हळूच ओढला. केस निघतच गेला. ब्रशचा केस दोन बोटं लांब असतो. हा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत पोचला. अर्धा काळा, अर्धा पिकलेला.

शेजारी आणखी एक रेघ होती. तिच्या शेजारी आणखी.

केस गळायला लागल्याचं तिने त्याला सांगितलं होतं, ते खुर्ची रंगवून महिना झाल्यावर. "कालपासूनच," म्हणाली होती.

त्याने पट्टी बादलीत टाकली.

चारला लेक बाहेर आली. "अगंबाई, काय सुंदर दिसतेय! पण पाठीचं राहिलं की."

"तिथला निघत नाही."

"निघत नाही असा रंगच नसतो, हे कोण सांगायचं सगळ्यांना?"

"हा नाही निघत."

"हट्टी आहेस तू. आण ती पट्टी, मी काढते." तिने बादलीत हात घातला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. म्हातारा गुडघ्यांवर हात देऊन उठला, खुर्चीत बसला आणि पाठ घट्ट टेकली.

"ओली आहे ती, बाबा! सदरा भिजला सगळा."

"भिजू दे," तो म्हणाला.

हॉर्न पुन्हा वाजला. तो उठला नाही.