वाळक्या झाडाचे फोटो

तरुणचं लग्न काही जमत नव्हतं, आणि त्याच्या आईच्या, तुळसीबाईंच्या मते त्याला कारण एकच होतं: वेलचेरीच्या तळ्याकाठचं ते वाळकं झाड. मुलगी बघायला गेलं, की हा मोबाइल काढून त्या झाडाचे फोटो दाखवत सुटायचा.

"आज ते सुकं लाकूड खिशातून काढलंस, तर याद राख!" तिरुवल्लिकेणीला नंदिताच्या घरी जाताना त्यांनी रिक्षातच दम भरला.

पण नंदितानंच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?"

झालं! हा फोटो पहाटेचा. हा पावसानंतरचा, ओल्या खोडाचा रंग बघा. या फांदीवर पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसतो. आणि पानं नाहीत म्हणून तर आभाळ असं फांद्याफांद्यांतून दिसतं! समोरची कॉफी गार झाली. तुळसीबाईंनी डोळे वटारले, खाकरून पाहिलं. फोटो काही संपेनात.

परतताना रिक्षातच त्यांनी लेकापुढे पुढच्या स्थळाचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी चक्क होकार आला. तुळसीबाईंचा विश्वासच बसेना. त्यांनी थेट नंदितालाच फोन लावला.

"खरं सांग गे, त्या झाडाचं पुराण ऐकून कंटाळली नाहीस?"

"कंटाळले की, अम्मा!" नंदिता हसत म्हणाली. "पण सगळी पानं गळून गेल्यावरही ज्याला रोज इतकं काही बघायला सापडतं, असला नवरा कोण सोडील?"