रोज थोडं थोडं

"डमीला कारल्याचा रस चोळ, आपोआप टाकेल," युनिव्हर्सिटीला निघता निघता मंजिरी म्हणाली.

"कडू लावून सोडवलं की मूल धसकतं गं. रोज थोडं थोडं दूर करायचं," मेलबर्नला लेकीकडे आलेली आई म्हणाली आणि तोंडात रबरी चोखणी धरलेल्या दोन वर्षांच्या नातवाला, राघवला, मांडीवर थोपटू लागली. महिनाभरात डमी सुटली.

मग मंजिरीला सुट्टी लागली. दुपारी राघवला निजवताना आई पलंगाच्या कडेला बसलेली तिला दिसली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी, तिसऱ्या दिवशी दाराबाहेर.

"आजी, कम हिअर," राघवने हात पसरले. आई जागची हलली नाही.

"अगं, घे ना त्याला. डमी तर सुटली."

"व्हिसाचे अकराच दिवस उरलेत," आई दाराआडून हळूच म्हणाली. "एकदम तुटायला नको."