स्कूटरची डावी बाजू

मिठाचे कण कुठे ठेवायचे, ते कैलासला ठरवता येईना.

स्कूटर तळहातावर मावेल एवढी होती. प्लॅस्टिक, तार, डब्याचा पत्रा, सगळं त्यानेच कापून जोडलेलं. तिला दिलेला तपकिरी रंग वाळला होता. आता त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, मिठाचे कण ठेवायचे, वरून निळा रंग मारायचा आणि वाळला की मीठ चोळून काढायचं. मीठ असतं तिथला निळा निघून येतो आणि खालचा तपकिरी दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, खराच गंज. असे कितीतरी छोटे ट्रक आणि टँकर त्याने गंजवले होते.

उजवी बाजू झाली होती. ती फोटोत दिसत होती. शिवमंदिराबाहेर उभी स्कूटर आणि सीटला टेकलेली त्याची बायको, शालन. डावी बाजू फोटोत नव्हती. स्कूटरही आता नव्हती. शालन गेल्यावर वांगणीचा एकजण ती घेऊन गेला होता.

उद्या शालनचं वर्षश्राद्ध. तिच्या फोटोशेजारी ही स्कूटर ठेवायची, असं त्याने मनात धरलं होतं. पण खरी होती अगदी तशीच करून.

गंज कुठे धरतो, ते त्याला पाठ होतं. पाणी थांबतं तिथे. पाय घासतो तिथे. शालन साडी नेसून मागे बसायची, दोन्ही पाय डावीकडे सोडून. तिची टाच घासायची ती जागा आणि पत्र्याची खालची कड, एवढं तरी गंजलेलं असायलाच हवं. पण डोळे मिटले की त्याला ती बाजू निळी दिसायची. साफ निळी. एवढ्या जुन्या गाडीला?

म्हणजे आपण विसरायला लागलो. आज पत्रा विसरलो, उद्या टाच विसरू. चिमट्यात मिठाचा कण धरून तो तसाच बसून राहिला.

शलाका चहा घेऊन आली. उद्याच्या तयारीसाठी मुलगी सकाळीच बदलापूरहून आली होती.

"पप्पा, ते मीठ उद्याच्या स्वयंपाकाला लागणार आहे. सगळं गाडीला लावू नका."

"शलाका, आपल्या स्कूटरला डावीकडे गंज होता का गं?"

"होता की."

"कुठे?"

"ते मला काय माहीत? आई रंग लावून टाकायची ना त्याला."

कैलासने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "कोण रंग लावायचं?"

"आई. तुमच्या निळ्या बाटलीतला. तुम्ही सेकंड शिफ्टला गेलात की जिन्याखाली जाऊन बसायची, काडीला कापूस गुंडाळून. आणि बाटली संपली की तुम्ही मला ओरडायचात, झाकण नीट लावत नाही म्हणून."

"मग तेव्हा सांगायचं नाही?"

"कशाला सांगू? आई उल्हासनगरला नेऊन दालपकवान खायला घालायची. गप्प बसायचं म्हणून."

"पण तिने असं करायचं कशाला?"

"तुम्हीच म्हणायचात, गंज दिसला की गाडी भंगारात घालीन. मग रिक्षाने फिरू."

"बरोबरच होतं. रिक्षात आरामात बसली असती."

"रिक्षात तुम्ही झोपला असतात. घरी भिंग लावून बसायचात. स्कूटरवर तरी तिला तुमच्याशी बोलता यायचं."

कैलासने चिमटा खाली ठेवला. "मला कुठे ऐकू यायचं? वारा, हॉर्न. मी आपला हो हो म्हणायचो."

"ते तिला माहीत होतं," शलाका म्हणाली. "घरी येऊन मला सांगायची. आज शहाडच्या मावशीकडे पोचेपर्यंत सगळ्याला हो म्हणाले. सोन्याच्या बांगड्यांनासुद्धा."

चहा ठेवून ती आत गेली.

कैलासने टाचेच्या जागी आणि खालच्या कडेला मीठ ठेवलं. निळा मारला. शलाकाच्या केस वाळवायच्या मशीनने वाळवला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने मीठ चोळून काढलं. गंज वर आला. छान आला. कोणीही खरा म्हटलं असतं. पण त्याने तो कधी पाहिलाच नव्हता.

मग त्याने बारीक ब्रश घेऊन गंजावर निळा दिला. सवयीचा हात. जोड कुठे आहे ते त्यालाच सापडेना. आता ती बाजू त्याला आठवायची तशी झाली होती. तरी काहीतरी चुकत होतं. रंग ओला होता तेवढ्यात त्याने तो अंगठ्याने पुसून टाकला.

शलाका कप न्यायला आली. चहा तसाच होता.

"पप्पा, आधी गंज केलात. मग तो झाकलात. आता परत उघडा केलात. चाललंय काय?"

"मलाही कळत नाहीये," कैलास म्हणाला. "कापूस आहे का घरात?"

तिने उद्याच्या वातींच्या कापसातला थोडा तोडून दिला आणि चहा गरम करायला आत नेला.

त्याने कापूस काडीला गुंडाळला. भिंग काढून बाजूला ठेवलं. काडी निळ्यात बुडवली, जरा थांबला आणि डाव्या हातात घेतली.

सवय नसलेला हात. रंग कडेबाहेर गेला. टाचेपाशी थोडा गंज उघडाच राहिला.

आतून शलाकाने काहीतरी विचारलं.

"हो, हो," कैलास म्हणाला. त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.