पहिलं नको

परदेशात शिकायला येऊन तिला पंधरा दिवस झाले होते, आणि पंधराही दिवस ती अर्धपोटी झोपली होती. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून, चार जिने चढून खोलीवर आलं की भात टाकायचंही त्राण उरायचं नाही. खोलीतल्या मुली जेवताना रोज विचारायच्या, "घेतेस का थोडं?" ती सवयीनं म्हणायची, "नको नको." पहिलं नको कधी कुणी खरं धरतं का? पण इथे तेवढ्यावरच डब्याला झाकण लागायचं.

आईला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढणारी बाई ती!

रविवारी आईचा फोन आला. "आवाज किती खोल गेलाय गं तुझा. परत येतेस का?"

"नको गं," ती म्हणाली, आणि फोन कानाशी घट्ट धरून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिली.

पलीकडे आईनं नाक ओढलं. मग जन्मात पहिल्यांदाच तिनं पहिलं नको खरं धरलं.

"बरं. जेवून घे."