सातशे मीटर

“किती मीटर?” ताजुद्दीनने विचारलं.

फोनच्या पडद्यावर निदा हसली. “अब्बा, हे पोर्ट्समथ आहे, मक्का नाही.”

“अंतर सगळीकडे असतं.”

जेद्दाच्या अल अझीझियातल्या एका उमरा यात्रेच्या एजन्सीत तो सव्वीस वर्षं यात्रेकरूंसाठी मक्केतली हॉटेलं ठरवत होता. कोकणातून येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारायचा, हरमपासून, म्हणजे काबाच्या मशिदीपासून, किती मीटर? आता तो इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलीच्या पदवीदानाच्या, बंदरालगतच्या सभागृहापासून मोजत होता.

निदाला दोन पास मिळाले होते. चारच्या आत नावं कळवायची होती. तिच्या अम्मीचा, मैमुनाचा, होकार अजून आला नव्हता. तो आला नाही तर तिचा पास निदाच्या मैत्रिणीच्या भावाला जाणार होता. साडेतीन वाजले होते.

“हे बघ,” ताजुद्दीन बायकोला म्हणाला. “जुन्या लढाऊ जहाजांच्या शेजारी. नऊशे मीटर.”

“जहाजं चालतात?”

“नाही. बघायला ठेवलीत.”

“मग राहू दे.”

“हे तटबंदीजवळ. नाश्ता फुकट.”

“नाश्ता मी इथेही करते. आणि तिथे जाऊन खोलीतच बसायचं, तर ही खोली काय वाईट आहे?”

“अम्मी, प्लीज!” निदा म्हणाली.

तेवढ्यात ताजुद्दीन खुर्चीवरून उठलाच. “सातशे मीटर! बाल्कनी! आणि सगळ्यांत स्वस्त!” त्याने बोट टेकवलं. खोली आरक्षित झाली.

मैमुनाने चष्मा लावला आणि नकाशा जवळ घेतला. “हे मध्ये निळं काय आहे?”

निदाने तिकडे तेच पान उघडलं. “अब्बा! हॉटेल समोरच्या काठावर आहे! सातशे मीटर सरळ रेषेत. मध्ये पाणी आहे.”

ताजुद्दीनचे कान लाल झाले. “खलास. रद्द करतो.”

“थांबा,” मैमुना म्हणाली. “माणसं पलीकडे जातात कशी?”

“लाँचने. दर पंधरा मिनिटांनी,” निदा म्हणाली.

“बंद असते की उघडी?”

“वर उघड्यावर बसता येतं.”

मैमुना कोकणात खाडीकाठच्या राजपुरीच्या तांडेलाची, होडी चालवणाऱ्याची मुलगी. वल्हं हातात धरून वाढलेली. सव्वीस वर्षं ती समुद्राकाठच्या शहरात राहत होती आणि समुद्र तिने गाडीच्या काचेतून पाहिला होता.

“हेच राहू दे,” ती म्हणाली. तिचा आवाज खुलला होता. “निदा, माझं नाव लिही. सकाळी जायचं, दुपारी यायचं. संध्याकाळी उगाच एक फेरी मारायची.”

“लिहिलं!” निदा ओरडली. “अम्मी, लिहिलं! अब्बांचं तर आहेच.”

“त्यांना पुन्हा विचार. आमच्या लग्नाला सगळं वऱ्हाड पलीकडच्या दिघीहून लाँचने आलं. नवरदेव एकटा जीपने, खाडीला वळसा घालून. चार तास वाट बघितली आम्ही. काझी झोपून गेले.”

निदा हसता हसता थांबली. “अब्बा? खरंच? लिहू ना?”

ताजुद्दीन त्या निळ्या पट्ट्याकडे बघत राहिला. मैमुना शेजारीच बसली होती, तरी तो फोनकडे तोंड करून म्हणाला, “लिही. पण तुझ्या अम्मीला सांग, लाँच सुटली की माझा हात सोडायचा नाही.”